गोचिडीचा माग काढणारे डॉक्टर : हॉवर्ड रिकेट्स

शेतकरी मित्रांनो, देवणी किंवा लाल कंधारी जनावराच्या अंगावरची गोचीड तुम्ही नखाने चिरडता का? जळकोटच्या माळावर शेळ्या चारून आल्यावर स्वतःचे अंग तपासता का? हे प्रश्न का महत्त्वाचे आहेत, ते एका डॉक्टरच्या आयुष्यातून समजून घ्या.

हॉवर्ड टेलर रिकेट्स यांचा जन्म १८७१ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. शिकागो विद्यापीठात काम करत असताना १९०६ मध्ये ते मोंटाना राज्यातील बिटररूट खोऱ्यात गेले. तिथे दरवर्षी वसंतात अंगावर ठिपके उठणाऱ्या तापाने माणसे दगावत. डोंगरावरून येणारे वितळलेल्या बर्फाचे पाणी बाधते, असा अनेकांचा समज होता. रिकेट्स यांनी रुग्णाचे रक्त गिनिपिगला टोचले, त्याला ताप आला. मग आजारी गिनिपिगचे रक्त प्यालेली गोचीड निरोगी गिनिपिगवर सोडली, तोही आजारी पडला. दोष पाण्याचा नव्हता, गोचिडीचा होता. बाधित मादीच्या अंड्यांतून रोग पुढच्या पिढीतही जातो, हेही त्यांनी दाखवले.

पुढे ते टायफस तापाच्या अभ्यासासाठी मेक्सिको सिटीत गेले. तिथे त्याच तापाने ३ मे १९१० रोजी, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. या जंतूंच्या गटाला १९१६ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ ‘रिकेट्सिया’ हे नाव मिळाले.

याच गटातील जंतूमुळे होणारा गोचीड ताप महाराष्ट्रातही आढळतो. तो प्रामुख्याने कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीतून पसरतो. जनावरांवरची हायलोमा गोचीड क्रिमियन-काँगो ताप पसरवते. हा विषाणूजन्य आजार २०११ मध्ये शेजारच्या गुजरातेत आढळला.

म्हणून एवढे करा :

- गोचीड हाताने किंवा नखाने चिरडू नका. हातमोजे वापरा.
- अंगाला चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढा. विडीचा चटका देऊ नका. नंतर जागा साबणाने धुवा.
- गोचिडी भिंतीच्या भेगांत अंडी घालतात, म्हणून गोठ्याच्या भेगा बुजवा. औषध जनावरासोबत गोठ्यातही, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वापरा. कुत्र्याला विसरू नका.
- ताप, तीव्र डोकेदुखी, अंगावर पुरळ किंवा चाव्याच्या जागी काळी खपली दिसली, तर लगेच दवाखाना गाठा आणि गोचीड चावल्याचे न विचारता सांगा. गोचीड तापावर डॉक्सीसायक्लीन हे परिणामकारक औषध आहे, पण ते डॉक्टरांनीच आणि वेळेत सुरू करायला हवे.

रिकेट्स यांच्या काळात असे औषध नव्हते. आज ते आहे. उशीर तेवढा टाळा.