डॉ. कोटणीस आणि युद्धकाळातील रुग्णालये

जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनच्या मदतीसाठी १९३८ च्या सप्टेंबरात राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून रवाना केले. त्या वेळी राष्ट्रसभेचे अध्यक्षपद सुभाषचंद्र बोस यांच्याकडे होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस या पथकात सामील झाले, तेव्हा त्यांनी वयाची २८ वर्षेही पूर्ण केली नव्हती. मुंबईच्या जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या या तरुणापुढे सुखाच्या व्यवसायाचा मार्ग मोकळा होता. त्याने रणभूमी पत्करली.

१९३९ च्या प्रारंभी पथक येनानला पोहोचले. पुढे बहुतेक सहकारी मायदेशी परतले, कोटणीस मात्र उत्तर चीनच्या गनिमी प्रदेशात गेले. तेथे कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून यांनी रुग्णसेवेचा पाया घातला होता. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १९३९ च्या नोव्हेंबरात बेथून मृत्यू पावले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली. शत्रूची मोहीम जवळ आली की जखमींसह हे रुग्णालय दुसऱ्या गावी हलवावे लागे. शस्त्रक्रिया चालू असतानाच नव्या वैद्यकांना शिकविण्याचे कामही कोटणीस करीत. ते चिनी भाषा शिकले आणि तेथीलच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाहबद्ध झाले. अपस्माराच्या झटक्यांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ३२ वर्षांचे होते आणि त्यांचा मुलगा काही महिन्यांचा होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बेथून आणि कोटणीस या दोघांचाही बळी गोळीने किंवा बॉम्बने घेतला नाही. अपुरी औषधे, अविश्रांत श्रम आणि जागा घेणाऱ्या दुसऱ्या माणसाचा अभाव यांनी त्यांना गाठले. १८६४ च्या पहिल्या जिनिव्हा करारापासून रुग्णालयांवर व वैद्यकांवर हल्ला करू नये, हा दंडक जगाने मान्य केला आहे. तो आवश्यक आहेच. परंतु तेवढ्याने संरक्षण पुरे होत नाही. इमारत काही महिन्यांत पुन्हा उभी राहते. डॉक्टर घडविण्यास अनेक वर्षे लागतात. तो गेला म्हणजे त्याने वाचविले असते ते रुग्ण आणि शिकविले असते ते विद्यार्थी, या सर्वांचीच हानी होते.

युद्धात साथीची भर पडली की ही हानी दुणावते. २०२० मध्ये कोरोनाची साथ जगभर पसरली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने जुलैमध्ये लढणाऱ्या पक्षांना किमान ९० दिवस शस्त्रे खाली ठेवण्याचे आवाहन केले. अनेक ठिकाणी तोफा थांबल्या नाहीत. आपल्या देशात युद्ध नव्हते, तरीही त्याच वर्षी वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना आळा घालण्यासाठी १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

कोटणीसांचे पुतळे उभारले गेले, त्यांच्यावर चित्रपट निघाला. हे योग्यच झाले. तथापि वैद्यकाच्या हौतात्म्याचा गौरव करून समाजाची जबाबदारी संपत नाही. त्याला औषधे, विसावा आणि निर्भय वातावरण पुरवून हौतात्म्याची वेळच येऊ न देणे, हेच कोटणीसांचे खरे स्मारक होय.