किराणा मालाच्या सेल्समनने जगाला फोर-स्ट्रोक इंजिन दिलं, पण कोर्टाने त्याचं पेटंटच रद्द केलं

पुण्यात, मुंबईत किंवा नाशकात तुम्ही सीएनजी रिक्षात बसता. ड्रायव्हर किल्ली फिरवतो, इंजिन फुरफुरतं आणि रिक्षा निघते. या रिक्षाला आपण ऑटो म्हणतो. हा शब्द ऑटोमोबाईलवरून आला, तो कुणा माणसाच्या नावावरून पडलेला नाही.

पण रिक्षाच्या सीटखाली जे इंजिन धडधडतंय ते ज्या पद्धतीने चालतं, त्या पद्धतीला खरंच ओटो नावाच्या माणसाचं नाव आहे. इंजिनिअरिंगच्या पोरांनी थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात 'ओटो सायकल'ची आकृती काढून मार्क मिळवलेले असतात. जर्मनीत तर आजही पेट्रोल इंजिनाला ओटोमोटर म्हणतात.

गंमत म्हणजे हा ओटो इंजिनिअर नव्हता. तो चहा, साखर, तांदूळ विकणारा फिरता सेल्समन होता. आणि ज्या शोधामुळे त्याचं नाव झालं, त्याच शोधाचं पेटंट कोर्टाने रद्द केलं.

त्याची ही गोष्ट.

बाप गेला, शाळा सुटली, नोकरी लागली

निकोलाउस ऑगस्ट ओटोचा जन्म जून १८३२ मध्ये जर्मनीतल्या होल्झहाउझेन नावाच्या खेड्यात झाला. सहा भावंडांत तो सगळ्यात धाकटा. जन्माच्या वर्षीच वडील वारले. शाळेत पोरगा हुशार होता, विज्ञानात चांगला होता, पण पुढे तांत्रिक शिक्षण काही झालं नाही. तो व्यापारात शिकाऊ म्हणून लागला.

आधी फ्रँकफर्ट, मग कोलोन. काम एकच, घाऊक व्यापाऱ्यांचा माल घेऊन गावोगाव फिरायचं आणि ऑर्डरी आणायच्या. हे असंच चालू राहिलं असतं तर ओटो एक चांगला व्यापारी म्हणून मेला असता. पण १८६० च्या सुमारास त्याच्या कानावर पॅरिसची एक बातमी आली.

एतिएन लेन्वार नावाच्या माणसाने गॅसवर चालणारं इंजिन बनवलं होतं. तोवर कारखान्यात मशीन चालवायचं म्हणजे वाफेचं इंजिन लागायचं. त्याला बॉयलर हवा, कोळसा हवा, सतत लक्ष ठेवायला माणूस हवा. छोट्या कारखानदाराला ते परवडत नव्हतं. लेन्वारचं इंजिन मात्र शहरातल्या दिव्यांना मिळणाऱ्या गॅसवर चालत होतं. अडचण एकच होती, ते गॅस वाट्टेल तेवढा खायचं आणि प्रचंड तापायचं.

ओटोच्या डोक्यात चक्र सुरू झालं. गॅसच्या पाईपऐवजी पातळ इंधनावर इंजिन चाललं तर ते कुठेही नेता येईल. त्याने भावासोबत १८६१ मध्ये प्रशियाच्या सरकारकडे पेटंटचा अर्ज केला. तो फेटाळला गेला.

पहिला प्रयोग, पहिला भुगा

तरी तो थांबला नाही. कोलोनच्या एका मेकॅनिककडून त्याने प्रयोगासाठी इंजिन बनवून घेतलं. लेन्वारच्या इंजिनात गॅस आणि हवा न दाबताच पेटवली जायची. ओटोने मिश्रण आधी दाबून मग पेटवून पाहिलं. ताकद एकदम वाढली. इतकी वाढली की १८६२ साली चार स्ट्रोकवर चालवलेलं त्याचं प्रायोगिक इंजिन थोड्याच वेळात मोडलं.

कल्पना बरोबर होती, पण ती पेलायची ताकद त्या लोखंडात नव्हती आणि ओटोच्या खिशातही नव्हती. त्याने ही कल्पना बाजूला ठेवली आणि दुसऱ्या, कमी ताकदीच्या इंजिनावर काम सुरू केलं.

१८६४ मध्ये त्याला ऑयगेन लांगेन भेटला. साखर उद्योगातल्या श्रीमंत घरचा, तंत्रशिक्षण घेतलेला माणूस. त्याने पैसे घातले आणि दोघांनी 'एन. ए. ओटो अँड कंपनी' काढली. फक्त इंजिनं बनवण्यासाठी सुरू झालेला जगातला हा पहिला कारखाना मानला जातो.

१८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात या जोडीने आपलं इंजिन मांडलं. ते दिसायला उंच खांबासारखं आणि आवाज तर विचारूच नका. लोकांनी आधी दुर्लक्षच केलं. पण परीक्षकांमध्ये लांगेनचा कॉलेजचा मित्र फ्रान्झ रॉयलो होता. त्याने कोणतं इंजिन किती गॅस खातं ते मोजायचा आग्रह धरला. मोजलं तर ओटो-लांगेनचं इंजिन बाकीच्यांपेक्षा निम्म्याहून कमी गॅसवर चालत होतं. सुवर्णपदक मिळालं आणि ऑर्डरींची रांग लागली.

१८७६ : चार स्ट्रोक आणि व्हॉल्व्हचं वेळापत्रक

धंदा वाढला. कारखाना कोलोनसमोर ऱ्हाईन नदीच्या पलीकडे डॉइट्झला गेला. १८७२ मध्ये कंपनीचं नाव 'गॅसमोटोरेन-फाब्रिक डॉइट्झ' झालं. तिथे गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख ही माणसं कामाला आली. ही दोन्ही नावं पुढे गाड्यांवर झळकली.

पण ते उंच इंजिन फार मोठं होऊ शकत नव्हतं. जास्त ताकद हवी तर छत आणखी उंच करा, अशी गत. मग ओटो १४ वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या कल्पनेकडे परत आला. १८७६ मध्ये त्याचं फोर-स्ट्रोक इंजिन चाललं आणि या वेळी ते मोडलं नाही.

यात नेमकं काय होतं? पिस्टन खाली येतो आणि हवा-गॅस आत ओढतो. वर जातो आणि ते दाबतो. मग ठिणगी पडते, स्फोट पिस्टनला खाली ढकलतो, हीच काय ती खरी कमाई. पुन्हा वर जाताना तो जळलेला धूर बाहेर टाकतो. ओढा, दाबा, जाळा, फेका. चार फेऱ्यांत एकदाच काम.

आता ही चार कामं ठरलेल्या क्रमाने व्हायची तर दारं योग्य वेळी उघडायला आणि बंद व्हायला हवीत. ही दारं म्हणजे व्हॉल्व्ह. चार स्ट्रोकमध्ये मुख्य शाफ्ट दोनदा फिरतो, पण प्रत्येक दार एकदाच उघडायचं असतं. म्हणून ओटोच्या इंजिनात बाजूला एक वेगळा शाफ्ट होता, तो मुख्य शाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरायचा. गॅस आत घेण्याचं आणि धूर बाहेर सोडण्याचं वेळापत्रक तोच सांभाळायचा. पेटवायला बाहेर एक छोटी ज्योत जळत असायची आणि सरकत्या झडपेतून ती आत पोचायची.

आज गॅरेजमधला मेकॅनिक टायमिंग आउट झालंय असं म्हणतो, तेव्हा तो याच वेळापत्रकाबद्दल बोलत असतो. आजच्या गाड्यांतला कॅमशाफ्टही निम्म्याच वेगाने फिरतो. त्याच्यावरचा उंचवटा व्हॉल्व्हला ढकलतो.

१८७७ मध्ये ओटोला जर्मन पेटंट मिळालं. नंबर ५३२. आता फोर-स्ट्रोक इंजिन बनवायचं तर डॉइट्झलाच विचारावं लागणार होतं.

सगळे पळवाट शोधू लागले

पेटंटने बाकीच्यांची कोंडी झाली. कार्ल बेंझने आपलं पहिलं इंजिन टू-स्ट्रोक बनवलं, कारण फोर-स्ट्रोकवर ओटोचा हक्क होता. इंग्लंडमधल्या कोर्टानेही १८८२ मध्ये ओटोची बाजू उचलून धरली. तिथल्या जेम्स अ‍ॅटकिन्सनने मग पेटंटला वळसा घालणारं वेगळंच इंजिन तयार केलं. त्यात पिस्टन हवा ओढताना आणि दाबताना कमी अंतर जायचा, स्फोटानंतर मात्र जास्त अंतर जायचा. इंधन वाचायचं, पण जोडकाम फार किचकट होतं.

ओटोसाठी हा काळ वैभवाचा होता. इंजिनिअरिंगची पदवी नसलेल्या या माणसाला १८८२ मध्ये व्युर्झबर्ग विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. मात्र त्याच वर्षी डाइमलर कंपनी सोडून गेला. त्याचं आणि ओटोचं फारसं पटलं नव्हतं. मागोमाग मायबाखही गेला.

१८८४ मध्ये ओटोने मॅग्नेटोवर चालणारी विजेची ठिणगी आणली. त्यामुळे पातळ इंधन वापरायचं त्याचं जुनं स्वप्न हाताशी आलं.

आणि मग १८८६ चा जानेवारी

स्पर्धक कंपन्यांनी पेटंट मोडायला जंग जंग पछाडलं होतं. शेवटी त्यांच्या हाती एक जुनं पत्रक लागलं. आल्फोन्स बो द रोशा नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८६२ मध्येच चार स्ट्रोकची कल्पना लिहून छापली होती. त्याने इंजिन कधीच बनवलं नव्हतं. पण पेटंटसाठी कल्पना नवी असावी लागते आणि इथे ती आधीच छापून आली होती. ओटोला ते पत्रक माहीत होतं की नाही, याने काही फरक पडणार नव्हता.

ओटोच्या बाजूने आणखी एक गोष्ट कमकुवत ठरली. आपलं इंजिन चांगलं का चालतं, याबद्दल त्याची स्वतःची एक ठाम समजूत होती. सिलेंडरमध्ये गॅस आणि हवेचे वेगवेगळे थर राहतात, त्यामुळे स्फोट सौम्य होतो, असं तो मानायचा. पेटंटमध्येही त्याने या थरांवर भर दिला होता. खरी किंमत होती ती मिश्रण दाबून पेटवण्याला आणि चार स्ट्रोकच्या क्रमाला.

जानेवारी १८८६ मध्ये लाइपझिगच्या सर्वोच्च न्यायालयाने चार स्ट्रोकवरचा त्याचा हक्क रद्द केला. योगायोग बघा, त्याच जानेवारीत कार्ल बेंझने आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या गाडीत फोर-स्ट्रोक इंजिन होतं.

पाच वर्षांनी, २६ जानेवारी १८९१ ला, ओटो कोलोनमध्ये वारला. वय होतं ५८. त्याचा मुलगा गुस्टाव पुढे विमानांच्या धंद्यात गेला. त्याची कंपनी ज्या उद्योगात विलीन झाली, त्यातूनच पुढे बीएमडब्ल्यू उभी राहिली.

ओटोचं वेळापत्रक तेलाने बदललं

ओटोने ठरवलेला क्रम कुणी बदलला नाही. पण त्याच्या वेळापत्रकात एक खोट होती. कॅमचा उंचवटा लोखंडाचा, त्याचा आकार एकदा घडला की घडला. व्हॉल्व्ह कधी उघडणार, किती उघडणार आणि किती वेळ उघडा राहणार, हे कायमचं ठरून गेलं.

ओटोचं इंजिन मिनिटाला साधारण १८० फेरे मारायचं. म्हणजे व्हॉल्व्ह मिनिटाला ९० वेळा उघडायचा. तिथे हे चालून गेलं. आजचं इंजिन ६००० फेरे मारतं तेव्हा व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो. सिग्नलला थांबलेल्या गाडीला आणि एक्स्प्रेस-वेवर पळणाऱ्या गाडीला एकच वेळापत्रक कसं पुरणार?

शिवाय हळू चालवताना हवा कमी करायला थ्रॉटल अर्धवट मिटावा लागतो. चिमटलेल्या स्ट्रॉने उसाचा रस ओढून बघा, तोंड दुखतं. पिस्टनचंही तसंच होतं, त्यात इंधन वाया जातं.

यावरचा एक उपाय फियाटने २००९ मध्ये बाजारात आणला, नाव मल्टीएअर. यात कॅम आणि हवा आत घेणारा व्हॉल्व्ह यांच्यामध्ये तेलाने भरलेली छोटी पोकळी असते. तेल दाबलं जात नाही, म्हणून पोकळी बंद असेल तर ते लोखंडी दांड्यासारखं वागतं आणि कॅमचा धक्का थेट व्हॉल्व्हला पोचवतं. पण विजेवर चालणारी एक चिमुकली झडप उघडली की तेल बाजूला निघून जातं. कॅम ढकलत राहतो, पण धक्का पोचत नाही आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. झडप कधी उघडायची ते कॉम्प्युटर ठरवतो, प्रत्येक फेरीला नव्याने. हवा थ्रॉटलऐवजी व्हॉल्व्हच मोजून घेतो. यामुळे इंधन १० टक्क्यांपर्यंत वाचतं, असा कंपनीचा दावा होता.

हे तंत्र आपल्यापासून लांब राहिलं नाही. २०१७ मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून जीप कंपास बाहेर पडू लागली. तिच्या पेट्रोल मॉडेलमध्ये हेच मल्टीएअर इंजिन होतं.

आणि अ‍ॅटकिन्सनचं काय झालं? त्याची किचकट जोडणी गेली, पण कल्पना परत आली. १९९७ च्या टोयोटा प्रियसपासून अनेक हायब्रिड गाड्या व्हॉल्व्ह उशिरा बंद करून तोच फायदा मिळवतात. ओटोला चुकवण्यासाठी शोधलेली पळवाट आता ओटोच्याच चार स्ट्रोकमध्ये येऊन बसली आहे.

ज्या हक्कासाठी ओटो कोर्टात लढला तो त्याला राखता आला नाही. पण तो हक्क सुटल्यामुळेच चार स्ट्रोक सगळ्यांचे झाले. पुढच्या वेळी सीएनजी रिक्षात बसाल तेव्हा आठवा, ओटोचं १८७६ चं इंजिनही गॅसवरच चालायचं. ओढा, दाबा, जाळा, फेका. क्रम अजून तोच आहे.