पॉल बेर : नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन



करोनाच्या काळात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरोघरी आलं. त्यावर दोन आकडे दिसतात, एक रक्तातल्या ऑक्सिजनचा आणि दुसरा नाडीचा. या दोघांचं नातं मुलांना समजावताना पॉल बेर यांचं चरित्र जरूर सांगा.

बेर यांचा जन्म १८३३ साली फ्रान्समधल्या ओसेर गावचा. आधी कायदा शिकले, मग शरीरक्रियाशास्त्राकडे वळले. क्लोद बेर्नार हे त्यांचे गुरू. पुढे बेर पॅरिसच्या सोर्बोनमध्ये प्राध्यापक झाले. उंच डोंगरावर माणसाला गरगरतं, धाप लागते, छाती धडधडते, ते का? हवेचा दाब कमी होतो म्हणून, असं तेव्हा बरेच जण मानत. बेर यांना मात्र ऑक्सिजनचा संशय होता.

झुर्दाने नावाच्या डॉक्टरने पैसे दिले आणि प्रयोगशाळेत लोखंडी कोठी उभी राहिली. आतली हवा काढून ती हवी तितकी विरळ करता येई. बेर स्वतःच आत बसले! हवा विरळ होऊ लागली तशी नाडी वाढली. त्यांनी २० सेकंदांचे ठोके मोजले, मिनिटाचे काढायला ३ ने गुणायचं होतं, पण सोर्बोनच्या या प्राध्यापकाला तेवढा गुणाकार जमेना. मग पिशवीतला ऑक्सिजन ओढला. दाब होता तितकाच, तरी नाडी खाली आली आणि डोकं ताळ्यावर आलं. दोष दाबाचा नव्हता, ऑक्सिजनचा होता.

मुलांना हे टँकरच्या उदाहरणाने सांगा. टँकर अर्धाच भरून येत असेल तर गावाला खेपा वाढवाव्या लागतात. रक्तात ऑक्सिजन कमी भरला की हृदयही तेच करतं, ठोके वाढवतं. पण विहीरच आटली तर खेपा वाढवून काय होणार?

तेच पुढे घडलं. क्रोचे-स्पिनेली आणि सिव्हेल हे दोघे बेर यांच्या कोठीत बसून आलेले बलूनवीर. १५ एप्रिल १८७५ रोजी ते तिसांदिए यांच्यासह 'झेनिथ' बलूनमधून निघाले. बरोबरचा ऑक्सिजन पुरणार नाही, असं पत्र बेर यांनी पाठवलं होतं, ते वेळेत पोचलं नाही. साठा थोडा म्हणून तिघांनी तो जपून ठेवला. ८,००० मीटरच्या आसपास नळी तोंडाला लावायला हात उचलेना. तिसांदिए तेवढे वाचले, तेही बहिरे होऊन. ऑक्सिजन घटताना दरवेळी गुदमरल्यासारखं वाटतंच असं नाही. भान आधी जातं, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

म्हणून ऑक्सिमीटरचे दोन्ही आकडे वेगवेगळे वाचा. मूल जिने धावत चढलं, तापलं किंवा घाबरलं, तर नाडी १२० आणि ऑक्सिजन ९८ असं दिसू शकतं. उलट नाडी ठीक दिसते म्हणून ऑक्सिजनचा घसरलेला आकडा सोडून देऊ नका. बोट गार असेल तर ते ऊबदार करून पुन्हा मोजा, तरीही कमीच आला तर थेट डॉक्टरांकडे.

हवेच्या दाबावरचा बेर यांचा हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ १८७८ साली आला. प्रमाणाबाहेर ऑक्सिजन दाबाखाली दिला तर झटके येतात, हेही त्यांनीच दाखवलं. आपल्या शिक्षकांना जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे १८७९ च्या ज्या कायद्याने फ्रान्सच्या प्रत्येक जिल्ह्यात शिक्षिकांसाठीही अध्यापक विद्यालय सक्तीचं झालं, त्याला त्यांचंच नाव आहे. पुढे ते काही महिने शिक्षणमंत्रीही होते. मात्र त्यांनी लिहिलेल्या शालेय पुस्तकांत गोऱ्यांना इतरांहून श्रेष्ठ ठरवलेलं आहे, हेही मुलांपासून लपवू नये. शेवटी फ्रेंच सरकारने त्यांना व्हिएतनाममध्ये आपला प्रमुख अधिकारी म्हणून धाडलं. तिथेच, १८८६ च्या नोव्हेंबरात, हनोईला आजारपणात त्यांचं निधन झालं. वय अवघं ५३.