लोकमान्यांचं एक कार्ड

टीईच्या मिनी-प्रोजेक्टसाठी आमच्या ग्रुपने गॅसगळतीची सूचना मोबाईलवर देणारं यंत्र निवडलं होतं. त्यासाठी आठवडाभर मी फोनवर काय काय शोधलं म्हणून सांगू! कुठला वायू हवेत किती टक्के झाला की पेट घेतो, सिलिंडरचा स्फोट कसा होतो, ठिणगी कुठून पडते... एका मित्राने ती यादी बघितली आणि म्हणाला, आता तुझ्या घरी पोलीस येणार. सगळे हसलो. रात्री जेवताना आजोबांना हा किस्सा सांगितला. ते मात्र हसले नाहीत. म्हणाले, लोकमान्यांच्या घरी आले होते की!

आमचं घर पार्ले पूर्वेला आणि कॉलेज पश्चिमेला. टिळक मंदिर लहानपणापासून पाहतोय. लोकमान्य सेवा संघ ही संस्था १९२३ सालची, म्हणजे लोकमान्य गेल्यानंतर तीन वर्षांतली. पण खरं सांगायचं तर माझ्यासाठी टिळक म्हणजे शाळेतलं १ ऑगस्टचं भाषण, शेंगांची टरफलं आणि गणपती. आजोबांनी डिवचलं म्हणून लायब्ररीत जाऊन टिळकचरित्र काढलं, आणि सबमिशन सोडून तेच वाचत बसलो.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीतला. गणितात रमणारा हा माणूस १८७९ साली वकिलीची परीक्षा पास झाला. गंमत म्हणजे त्याच वर्षी हिंदुस्थानात पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. पाकिटाला अर्धा आणा पडायचा, कार्ड निम्म्या किमतीत. मजकूर उघडा, पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कुणीही वाचावा! तरीही लोकांनी कार्डाला आपलंसं केलं. स्वस्त, हातात मावणारं आणि निरोप चटकन पोचवणारं काहीतरी हवं होतं. कोण वाचतंय याची फिकीर नंतर. आपला मोबाईल याहून फार वेगळा आहे का?

१८८१ मध्ये टिळकांनी सहकाऱ्यांसोबत 'केसरी' आणि 'मराठा' सुरू केले. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. मुलींचं संमतिवय १० वरून १२ करणारा हा कायदा, आणि टिळक त्याच्या विरोधात! परक्या सरकारने आमच्या घरात आणि धर्मात हात घालू नये, असा त्यांचा मुद्दा होता. हे वाचताना मला अवघडल्यासारखं झालं. घराच्या उंबरठ्याआड कुणाचा तरी छळ होत असेल, तर तो उंबरठा राखायचा कुणासाठी? त्या वादात टिळक चुकले असंच मला वाटतं. खाजगीपणाची ढाल कोण कुणाविरुद्ध वापरतोय, हे बघावंच लागतं.

सहाच वर्षांनी, १८९७ मध्ये, पुण्यात प्लेग आला. रोगी शोधायला गोरे सोल्जर घराघरात शिरले, थेट देवघर आणि माजघरापर्यंत. टिळक पुण्यातच राहिले, प्लेगच्या रुग्णांसाठी हॉस्पिटल काढलं आणि या जुलमावर 'केसरी'तून कडाडून लिहिलं. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. पुढे 'केसरी'तल्या लिखाणाबद्दल टिळकांना राजद्रोहाखाली १८ महिन्यांची शिक्षा झाली.

१८९८ मध्ये सरकारने राजद्रोहाचं कलम आणखी रुंद केलं. त्याच वर्षी पोस्टाचा नवा कायदा आला. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी टपाल अडवण्याचा अधिकार त्यात सरकारला होता. तारांसाठी तसाच अधिकार १८८५ च्या कायद्यात आधीपासून होताच.

आणि आता आजोबांची गोष्ट. १९०८ साली मुझफ्फरपूरच्या बाँबप्रकरणानंतर 'केसरी'त आलेल्या लेखांवरून टिळकांना जूनमध्ये मुंबईत अटक झाली. पाठोपाठ पोलिसांनी त्यांच्या पुण्याच्या घराची झडती घेतली. कागदांच्या ढिगात एक कार्ड सापडलं. त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं टिपलेली होती. बस्स, एवढंच! सरकारी पक्षाने ते कार्ड कोर्टात पुरावा म्हणून मांडलं. टिळकांचा खुलासा साधा होता. सरकारने नुकताच स्फोटकांचा कायदा केला होता. त्यावर टीका लिहायची तर स्फोटक कशाला म्हणतात ते वाचायला नको का? म्हणून कॅटलॉगमधून ती नावं उतरवून घेतली होती.

त्या काळातली ही 'सर्च हिस्ट्री'च म्हणा ना! काय वाचलं हेसुद्धा नाही, तर काय वाचायचं मनात आहे, एवढ्यावरून माणसाच्या हेतूबद्दल तर्क. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतःच केला, २१ तासांहून जास्त बोलले. शिक्षा काही एका कार्डामुळे झाली नाही, खटला लेखांवरचाच होता. २२ जुलैच्या रात्री ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं. सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी त्यांचा बावन्नावा वाढदिवस होता.

मंडालेच्या तुरुंगात तर खाजगी असं काही उरलंच नाही. घरची पत्रं अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जायची. लिहायला शाई नाही, शिसपेन्सिल. सुटे कागद नाहीत; बांधलेल्या वह्या, त्यांच्या पानांवर आकडे घातलेले, म्हणजे एक पान फाडलं तरी कळावं. १९१२ च्या जूनमध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्या. ती बातमीही तारेने, सरकारी हातांमधून आली. स्वतःचं दुःखसुद्धा आधी दुसऱ्याने वाचलेलं! त्याच आकडे घातलेल्या वह्यांत त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहून काढलं. १९१४ च्या जूनमध्ये सुटका झाली तेव्हा सरकारने वह्या ठेवून घेतल्या. मित्र हवालदिल झाले, पण टिळकांना काळजी नव्हती. ग्रंथ डोक्यात पक्का होता, पुन्हा लिहून काढला असता. काही महिन्यांनी वह्या परत मिळाल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ छापून आला. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत सरदारगृहात लोकमान्य गेले. अटकही तिथेच झाली होती.

पुस्तक मिटलं आणि मी एक प्रयोग केला. कट्ट्यावर दहा-बारा जणांना विचारलं, मोबाईलमध्ये तुला काय हवं? बॅटरी, स्वस्त डेटा, झकास कॅमेरा. प्रायव्हसी एकानेही म्हटलं नाही. लपवण्यासारखं काही नाही रे, असंच सगळ्यांचं म्हणणं. मग म्हटलं, लॉक काढून फोन पाच मिनिटं माझ्याकडे दे. एकानेही दिला नाही!

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पोस्टाचा आणि तारेचा ते जुने कायदे बदलून २०२३ मध्ये नवे झाले, पण अडवण्याचा अधिकार नव्यातही आहेच. सुरक्षेसाठी तो लागतही असेल, पण त्याच्यावर नजर कोणाची, हा प्रश्न आपण विचारायलाच हवा. आणि सरकारचं सोडा, आपण इंजिनीयर काय करतो?

हा प्रश्न मला झोंबला, कारण आमचं गॅसचं ॲप इन्स्टॉल करताना काँटॅक्ट्स, लोकेशन आणि माइक अशा तिन्ही परवानग्या मागत होतं. का? तर तयार कोड उचलला त्यात त्या होत्या म्हणून. गळती कळायला माइक कशाला हवा? कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. एक रात्र जागून आम्ही तिन्ही काढून टाकल्या. व्हायवाला एक्स्टर्नलनी विचारलं, फीचर्स इतकी कमी कशी? मी कार्डाची गोष्ट सांगितली. मार्क बरे पडले. आजोबांच्या फोनवर ते ॲप आजही आहे, आणि इन्स्टॉल करताना त्यांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली होती.