हलगीला मान, हलगीवाल्याला कधी?

१ ऑगस्ट आला की वाटेगावपासून कराड, इस्लामपूर, सांगली, साताऱ्यापर्यंत चौकाचौकांत अण्णा भाऊ साठे यांच्या प्रतिमेला हार पडतात. मिरवणुका निघतात, पुढाऱ्यांची भाषणे होतात. परंतु ज्या कलेने मांगवाड्यातल्या एका पोराला लोकशाहीर केले, त्या कलेची आणि ती आजवर जगवणाऱ्या माणसांची आठवण त्या दिवशी किती जणांना होते? आमचा प्रश्न एवढाच आहे.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १९२० साली वाळवे तालुक्यातील वाटेगावचा. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा ते सातारा जिल्ह्यात मोडत होते. मांगाने दोर वळावेत, केरसुण्या बांधाव्यात आणि गाव सांगेल तेव्हा हलगी वाजवावी, ही गावगाड्याने ठरवून दिलेली कामे. गावचे लग्न असो, जत्रा असो की मयत, हलगीशिवाय काही हलत नसे. हलगी पुढे आणि हलगीवाला मांडवाच्या बाहेर, अशी ही मनुवादी व्यवस्था! त्यात इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने कपाळावर चोराचा शिक्का मारलेला. १८७१ चा हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले.

अण्णांची शाळा दीड दिवसाची. पुढे कुटुंब पोटासाठी मुंबईला निघाले तेही पायी. तिथे हमाली केली, फेरी केली, गिरणीत राबले. दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरे गिरवली. मधल्या काळात गावी परतल्यावर नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात ते शिरले. त्यांचे खरे विद्यापीठ हेच. ढोलकी कुठे चढवायची, बतावणीत हशा कुठे घ्यायचा, हजार माणसे एका शब्दावर कशी थांबवायची, हे तिथे उमगले.

तमाशा ही कला महार, मांग, कोल्हाटी समाजाने जगवली. पैसा मात्र वरच्यांनी फेकला आणि बदनामी कलावंतांच्या, विशेषतः आमच्या भगिनींच्या वाट्याला आली. म्हणूनच स्वाभिमानाची चळवळ उभी राहिली तेव्हा आधी सत्यशोधक जलशांनी आणि मग आंबेडकरी जलशांनी या कलेला नवे वळण दिले. अण्णा भाऊ त्याच वाटेने पुढे गेले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात ते कम्युनिस्ट चळवळीत आले. स्तालिनग्राडच्या लढ्यावर, बंगालच्या दुष्काळावर त्यांनी पोवाडे रचले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाचा साचा त्यांनी ठेवला, आतला मजकूर बदलला. गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आले, गौळण गेली, वगात सावकार, शेटजी आणि भोंदू पुढारी उभे राहिले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही त्यांची लोकनाट्ये गिरणगावाने आणि खेड्यापाड्यांनी डोक्यावर घेतली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना’ घराघरात पोचली.

इथे आम्हाला जपानची आठवण येते. बौद्ध देश म्हणून आपण त्या देशाकडे आदराने पाहतो. त्याची काबुकी, त्याचे ‘ताइको’ नावाचे प्रचंड ढोल जगभर गाजतात. परंतु काबुकीचा उगम ज्या कलावंतांत झाला, त्यांना एके काळी नदीपात्रातली माणसे म्हणून हिणवले जाई. काबुकीची सुरुवात १६०३ च्या सुमारास ओकुनी नावाच्या नर्तकीने केली आणि १६२९ साली स्त्रियांनाच रंगमंचावरून हाकलले गेले. एदो, म्हणजे आजच्या तोक्योत, १७०८ पर्यंत काबुकीवर तिथल्या अस्पृश्यांच्या प्रमुखाचा अंमल चाले. पुढे १८८७ साली खुद्द सम्राट काबुकी पाहायला बसले आणि कलेला प्रतिष्ठा आली.

माणसांचे काय झाले? आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा झाला त्याच १८७१ साली जपानने अस्पृश्यता कायद्याने रद्द केली. तरीही कातडी कमावणाऱ्या, ढोल मढवणाऱ्या वस्त्यांचा विटाळ संपला नाही. काही बौद्ध मंदिरांनी तर त्यांच्या मृतांना दिलेल्या धर्मनामांतही हीनतेची खूण ठेवली. शेवटी १९२२ साली क्योतोत त्यांनी ‘सुइहेइशा’ ही स्वतःची संघटना काढली. ओसाकाच्या नानिवा वस्तीत पिढ्यानपिढ्या ढोल बनत, पण ते वाजवून टाळ्या घेत दुसरेच. १९८७ साली त्या वस्तीतल्या तरुणांनी ढोल स्वतः हाती घेतला आणि पथकाचे नाव ठेवले ‘इकारी’, म्हणजे संताप. अण्णा भाऊंनी जे चार दशके आधी केले, तेच त्यांनी केले.

ते नेमके काय होते, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. सक्तीची हलगी ही गुलामी आहे. ती टाकलीच पाहिजे, बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडायला लावले तसे. परंतु आपल्या मर्जीने, आपला विचार सांगण्यासाठी वाजवलेली हलगी हे हत्यार आहे. अण्णा भाऊंनी गुलामी टाकली आणि हत्यार ठेवले.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. ही पृथ्वी दलितांच्या आणि श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे, हा विचार त्यांनी तिथे मांडला. १९५९ ची ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तिचा नायक याच मातीतला, उपाशी माणसांसाठी इंग्रजांचा खजिना लुटणारा. तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ‘वैजयंता’त त्यांनी तमाशातल्या स्त्रीला माणूस म्हणून उभे केले. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले. तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिणारा हा माणूस घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहिला आणि १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात दारिद्र्यात गेला. मग २००२ साली टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला. मेल्यावर मान देण्यात या व्यवस्थेचा हात कुणी धरणार नाही!

आणि आपण? काहींनी अण्णा भाऊंना एका जातीचे करून टाकले, काहींनी ते लाल म्हणून दूर ठेवले. दोन्हींत फायदा प्रस्थापितांचाच. महार-मांग वेगळे राहावेत, हेच तर त्यांना हवे आहे.

म्हणून सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. येत्या जयंतीला भाषणांआधी हलगीवाल्याला आणि शाहिराला मंचावर बोलवा, मानाने बसवा, त्यांचे मानधन वेळेवर द्या. म्हाताऱ्या कलावंतांच्या वह्या वाळवीच्या तोंडी जाण्याआधी उतरवून घ्या. विहारात मुला-मुलींना, कोणत्याही जातीच्या, हलगी शिकवा. गावाने लादलेली हलगी परत कुणाच्या गळ्यात पडू देऊ नका आणि अण्णा भाऊंनी हाती घेतलेली खाली ठेवू नका.