ताम्रपटांतून दिसणारा राजा भोज

राजा भोज हे नाव ज्याच्या कानांवरून गेले नाही असा मराठी माणूस विरळाच. गंगू तेल्याशी त्याची तुलना करणारी म्हण आपल्या तोंडी आहे आणि बत्तीस पुतळ्यांच्या सिंहासनाची कथा आपण बालपणी ऐकलेली आहे. धार-देवासकडे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना तर तो घरचाच वाटतो; कारण या दोन्ही संस्थानांचे पवार राजघराणे आपली परंपरा परमारांशी जोडीत आले. परंतु ज्याच्याविषयी कथा उदंड, त्याचे चरित्र लिहिणे कठीण असते. भोजानंतर पाच-सहा शतकांनी बल्लाळाने ‘भोजप्रबंध’ रचला आणि त्यात कालिदासालाही भोजाच्या सभेत आणून बसविले! काव्य म्हणून ते गोड आहे. इतिहास म्हणून त्यावर विसंबता येत नाही. भोजाच्या हयातीत कोरलेली अक्षरेच त्याची खरी साक्षीदार होत.

ही अक्षरे कशी बोलतात याचे उदाहरण आपल्या बाग गावीच आहे. बागच्या दुसऱ्या लेण्यातील राडारोडा उपसताना १९२९ साली महाराज सुबंधूचा ताम्रपट मिळाला. माहिष्मतीहून दिलेल्या या दानपत्रामुळे दत्तटकाने बांधविलेल्या ‘कलयन’ विहाराचे नाव कळले. मात्र वर्षाचा आकडा जेथे असावयाचा तोच भाग नष्ट झालेला. सुबंधूच्या बडवानी येथील ताम्रपटावर १६७ हे वर्ष आहे. पण तो संवत् कलचुरींचा की गुप्तांचा, यावर विद्वानांचा मतभेद झाला. पहिला धरल्यास सुबंधू पाचव्या शतकाच्या आरंभी येतो, दुसरा धरल्यास अखेरीस. एका पत्र्याचा तुकडा तुटला की सत्तर वर्षांचे अंतर पडते, ते असे.

भोजाच्या बाबतीत सुदैवाने साधने अधिक आहेत. त्याच्या दानपत्रांत वंशक्रम स्पष्ट दिलेला असतो : सीयक, त्याच्यानंतर वाक्पतिराज, मग सिंधुराज आणि मग भोज. वाक्पतिराज म्हणजेच प्रसिद्ध मुंज. तो भोजाचा चुलता, तर सिंधुराज हा पिता. अमितगतीने आपला ‘सुभाषितरत्नसंदोह’ संवत् १०५० मध्ये, म्हणजे ९९३-९४ च्या सुमारास पूर्ण केला, तेव्हा मुंज राज्य करीत होता. कल्याणीच्या चालुक्य तैलपाशी झालेल्या संघर्षात मुंजाचा अंत झाला आणि तैलप स्वतः ९९७ मध्ये वारला. म्हणजे मुंजाचा मृत्यू या तीन-चार वर्षांतच केव्हातरी झाला, हे निश्चित होते.

याच मुंजावर कथाकारांनी एक मोठा आळ घेतला आहे. भोज पंचावन्न वर्षे राज्य करील हे भविष्य ऐकून मुंजाने त्या बालकाच्या वधाची आज्ञा दिली आणि बालकाने धाडलेला श्लोक वाचून त्याला पश्चात्ताप झाला, अशी ती कथा. गुजरातच्या मेरुतुंगाचार्यांच्या ‘प्रबंधचिंतामणी’त ती आहे, पण हा ग्रंथ संवत् १३६१ मधला, मुंजानंतर तीनशे वर्षांनी झालेला. उलट मुंज आणि सिंधुराज या दोघांच्याही आश्रयाला असलेला कवी पद्मगुप्त, मुंजाने राज्यभार सिंधुराजावर सोपविला, असे सांगतो. आणि भोजाच्या स्वतःच्या ताम्रपटांत मुंजाचे नाव पूर्ण राजबिरुदांसह, पूर्वसूरी म्हणूनच येते. ज्या चुलत्याने जीव घ्यावयाचे योजिले, त्याला पुतण्याने प्रत्येक दानपत्रात असे मानाचे स्थान दिले असते काय? कथेने मुंजावर अन्याय केला आहे, असेच म्हणणे भाग पडते.

मोडासा येथील संवत् १०६७ (१०१०-११) च्या ताम्रपटात भोज राजा म्हणून प्रथम दिसतो. संवत् १०७६ मधील बांसवाडा आणि बेटमा येथील दोन्ही दानपत्रे कोकणविजयाच्या निमित्ताने दिलेली आहेत. हा ताबा मात्र टिकला नाही. चालुक्य जयसिंहाने सप्तकोकणच्या अधिपतींना जिंकल्याचे १०२४ चा मिरजेचा ताम्रपट सांगतो. नाशिक जिल्ह्यातील कळवण येथे सापडलेल्या ताम्रपटात भोजाचा मांडलिक यशोवर्मा याच्याकडे दीड हजार गावांचा प्रदेश असल्याचे नमूद आहे. आजच्या महाराष्ट्राचा एक भाग त्याच्या छत्राखाली होता, हे त्यावरून दिसते.

रणांगणावर यश-अपयश असे येत-जात राहिले. सोमेश्वर चालुक्याच्या स्वारीत खुद्द धारा नगरीही सुटली नाही. पण व्याकरण व साहित्यशास्त्रावर ‘सरस्वतीकंठाभरण’ या एकाच नावाचे दोन ग्रंथ, रसचर्चेचा प्रचंड ‘शृंगारप्रकाश’, वास्तुविद्येचा ‘समरांगणसूत्रधार’, ज्योतिषावरील ‘राजमृगांक’ ही भोजाच्या नावावरील ग्रंथसंपदा कोणत्याही सैन्याला लुटता आली नाही. भोजपूरचे शिवमंदिर अपुरे राहिले. त्याच्या भोवतीच्या खडकांवर कोरलेले आराखडे आजही पाहावयास मिळतात.

त्याच्या अखेरीचा काळही दोन लेखी पुराव्यांच्या चिमट्यात सापडतो. शके ९७७ मधील दशबलाच्या ‘चिंतामणिसारणिका’ या ग्रंथात भोज राज्यावर आहे, तर संवत् १११२ च्या मांधाता येथील ताम्रपटात जयसिंह गादीवर आहे. दोन्ही वर्षे १०५५-५६ च्या आसपास येतात. म्हणजे राज्यकाल पंचेचाळीस वर्षांचा. भविष्यातल्या पंचावन्नांचा नव्हे.

जयसिंह आपणांस भोजाच्या चरणांचे ध्यान करणारा म्हणवितो; नाते मात्र सांगत नाही. पुढच्या प्रशस्तींनी तर त्याचे नावच गाळले आणि भोजानंतर एकदम उदयादित्याचा उल्लेख केला. नागपूरच्या संग्रहालयातील परमारांच्या शिलालेखात, ज्याचे वाचन प्रथम दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रसिद्ध केले, उदयादित्याला भोजाचा ‘बंधू’ म्हटले आहे. या शब्दाचा अर्थ भाऊ की केवळ आप्त, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. तो मिटविला विदर्भाने. यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगाव येथील शके १०३४ चा शिलालेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादिला. त्यात तीन शत्रूंच्या आक्रमणात बुडालेली माळव्याची भूमी उदयादित्याने वर काढली आणि तो भोजाचा भाऊ होता, असे स्वच्छ सांगितले आहे. आदिलाबादकडील जैनद येथील लेखातही उदयादित्याचा पुत्र जगद्देव भोजाला चुलता म्हणतो. माळव्यातील घराण्याचे कोडे सुटले ते वऱ्हाड-तेलंगणातील दगडांवर.

राजाने सांभाळलेली गावे गेली, सिंहासन गेले, त्याची धारा जळाली. वाचले ते लिहून ठेवलेले आणि कोणीतरी जपलेले. शंभर वर्षे पुस्तके राखणाऱ्या ग्रंथालयाच्या सभासदांना याहून अधिक काय सांगावे? भोजावरच्या कथा आपण आनंदाने वाचाव्यात. पण त्या कपाटाशेजारी ताम्रपट-शिलालेखांचे खंडही धूळ झटकून ठेवावेत, आणि एखाद्या जिज्ञासूने मागितले तर ते तत्परतेने काढून द्यावेत. मुंजासारख्या एखाद्यावरचा नऊशे-हजार वर्षांपूर्वीचा कलंक अशाच एखाद्या पानाने पुसला जातो.