तिसऱ्यांच्या वाढीचं गणित मांडणारा बर्टालान्फी

आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या बाजारात गेलात, की तिसऱ्यांचे वाटे दिसतात. काही शिंपले नखाएवढे, काही चांगले मोठे. शिंपला किती महिन्यांत केवढा होईल, हे काढायला जगभरचे मत्स्यशास्त्रज्ञ जे समीकरण वापरतात, त्याला लुडविग फॉन बर्टालान्फी यांचं नाव आहे.

गडी मूळचा व्हिएन्नाजवळचा, जन्म १९०१ चा. १९२६ ला डॉक्टरेट केली ती तत्त्वज्ञानात, आणि रमला जीवशास्त्रात! सजीव म्हणजे यंत्र, असं मानणारे तेव्हा पुष्कळ होते. बर्टालान्फींना ते पटेना. जीव सतत बाहेरून काही घेतो, बाहेर काही टाकतो. भोवतालापासून तोडून तो समजणारच नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यातूनच वाढीचं गणित आलं. जीव अन्न घेतो पृष्ठभागातून, झीज मात्र सगळ्या अंगाची होते. लांबी दुप्पट झाली की पृष्ठभाग चौपट होतो, पण वजन आठपट. म्हणजे कमाईपेक्षा खर्च जोरात वाढतो. एक दिवस दोन्ही सारखे होतात आणि वाढ थांबते. म्हणून ग्राफ आधी भरभर चढतो, मग सपाट होतो. मूळ कल्पना पुटर या जर्मन शास्त्रज्ञाची, १९२० ची. बर्टालान्फींनी १९३८ पर्यंत तिला वापरता येईल असं रूप दिलं.

त्याच १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि नोव्हेंबरात बर्टालान्फी नाझी पक्षाचे सदस्य झाले. करिअरसाठी केलं असेल, म्हणून ते हलकं होत नाही.

युद्धानंतर लंडन, मग १९४९ ला कॅनडा. तिथं कॅन्सरच्या पेशी ओळखण्यावर काम केलं. इकडं १९५७ मध्ये बेव्हर्टन आणि होल्ट या इंग्रज शास्त्रज्ञांनी त्यांचं समीकरण मासेमारीच्या हिशोबात बसवलं आणि ते बंदराबंदरांत पोचलं.

शिंपल्यांच्या बाबतीत मात्र एक अडचण होती. समीकरणात दोन आकडे महत्त्वाचे : कमाल लांबी आणि तिथवर पोचण्याचा वेग. दोन्ही ठरतात पाण्याचं तापमान, खारटपणा आणि अन्न यांवर. कोकणात पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी घुसतं. खारटपणा फार उतरला की तिसऱ्या शिंपला मिटून बसतात, खाणं बंद, वाढ खुंटते. मूळ ग्राफला हा पाऊस ठाऊकच नाही! पुढच्या संशोधकांनी त्यात ऋतूंचा चढउतार घातला. कुठल्या आकाराखालचा शिंपला काढू नये, हे ठरवायला असला हिशोब लागतो. चुकला, तर ओहोटीला चिखलात उतरणाऱ्या बायकांची पुढच्या वर्षीची टोपली रिकामी.

१९६८ ला त्यांचं ‘जनरल सिस्टिम थिअरी’ हे पुस्तक आलं, ते जास्त गाजलं. जून १९७२ मध्ये अमेरिकेत, बफेलोला ते वारले.